सात किलोचे मशीन आणि वावरातले कपडे: किती घालावेत, कोणता कार्यक्रम लावावा?

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरात लहानमोठी सात माणसे असून कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती आहे. मुलाने पुण्याहून ७ किलोचे, समोरून दार असलेले आणि पाणी तापवणारे फुल्ली ऑटोमॅटिक मशीन पाठवले आहे. जुने सेमी-ऑटोमॅटिकही चालू आहे. नव्या मशीनमध्ये एका वेळी किती कपडे घालावेत? एवढ्या कार्यक्रमांपैकी कोणता लावावा? काळ्या कपड्यांवर पांढरट चट्टे का राहतात, आणि कधीकधी शेवटी पिळण्याच्या वेळी मशीन नुसतेच हळूहळू का फिरत राहते? शाळेचे गणवेश पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात धुतले तर चालतील का?

उत्तर: जुने सेमी-ऑटोमॅटिक विकू नका, ही पहिली विनंती. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील गावांमध्ये धुलाईची मशीन बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो, आणि ज्या शेतकरी घरांत ही दोन्ही मशीन शेजारी-शेजारी उभी असतात तेथे नवे मशीन अधिक वर्षे टिकते, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतकरी घराचे धुणे वरवर पाहता एकच गाठोडे असले तरी त्यात दोन प्रकारचा मळ असतो. वावरातून येणारा मळ माती, धसकटांचा भुसा, झाडाचा चीक आणि औषधाचे शिंतोडे यांचा असतो, तर घरातला मळ घाम, तेल, हळद आणि अंगाच्या तेलकटपणाचा असतो. या दोघांना लागणारे पाणी, साबण, उष्णता आणि वेळ वेगवेगळी असते. त्यामुळे कोणता कार्यक्रम लावावा, याचे उत्तर बटणावर शोधण्याआधी कपड्यावर शोधावे लागते.

आता वजनाचे पाहू. मशीनवर लिहिलेले ७ किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे वजन असते, आणि तेसुद्धा केवळ ‘कॉटन’ या कार्यक्रमापुरते. त्याच मशीनमध्ये ‘सिंथेटिक’ लावले तर साधारण निम्मे, म्हणजे तीन ते साडेतीन किलोच कपडे घालायचे असतात. ‘डेलिकेट’ किंवा ‘वूल’साठी दीड ते दोन किलो, आणि झटपट कार्यक्रमासाठी बहुधा दोन किलोच्या आत. मशीनसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत याचा तक्ता दिलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही. ‘मशीन सात किलोचे आहे’ एवढेच घरभर लक्षात राहते आणि पॉलिस्टरच्या साड्यांनी ड्रम गच्च भरला जातो.

किलोचा अंदाज हाताने येत नाही, पण आपल्या घरी त्यासाठी लागणारी वस्तू आधीच आहे. वेचणीची मजुरी किलोवर द्यायची असल्यामुळे कापूस मोजायचा लटकता काटा प्रत्येक कास्तकाराच्या घरी असतो. एखाद्या दुपट्ट्यात रोजचे धुणे बांधून ते एकदा त्या काट्याला अडकवून पाहावे. साधारणपणे शर्ट पाव किलोच्या आसपास, जीन्सची पँट सहाशे ते सातशे ग्रॅम, सुती पातळ अर्धा किलो, नऊवारी लुगडे त्याहून थोडे अधिक, जाड टॉवेल चारशे-पाचशे ग्रॅम, दोघांच्या पलंगाची चादर पाऊण ते एक किलो आणि सोलापुरी चादर किलोहून जास्त भरते. या हिशेबाने दोन चादरी, तीन टॉवेल, दोन लुगडी, सहा शर्ट आणि दोन जीन्स एवढ्यातच सात किलो पूर्ण होतात. दोन-तीनदा वजन केले की डोळ्यांना सवय होते आणि पुढे काटा लागत नाही.

रोजच्या वापरासाठी मी याहून सोपी खूण सांगतो. कपडे एकेक करून, उलगडून आणि सैल टाकावेत आणि नंतर आपला पंजा उभा धरून कपड्यांच्या वर, ड्रमच्या छताखाली सरकवून पाहावा. पंजा अडचण न होता आत गेला तर भरणा बरोबर आहे. कपडे दाबूनच हात आत शिरत असेल तर दोन-तीन नग बाहेर काढावेत. ही रिकामी जागा कशाला हवी, तर समोरून दार असलेल्या मशीनमध्ये ड्रमच्या आतल्या उंचवट्यांनी कपडे वर उचलले जातात आणि वरून खाली आपटतात. नाल्यावरच्या दगडावर धुणे आपटण्याचे जे काम आहे, तेच येथे ड्रमच्या पोटात होते, आणि ड्रम गच्च भरला की आपटायला उंचीच उरत नाही. कपडे एका गोळ्याने गोल फिरतात, मधल्या कपड्यांपर्यंत पाणी नीट पोहोचत नाही, पावडर घडीत अडकून बसते आणि आपण मशीनला दोष देतो.

उलट, अगदी थोडे कपडे घालणेही चांगले नाही. एकच जीन्स किंवा एकच जाड चादर टाकली की ओली झाल्यावर ती ड्रमच्या एका बाजूला चिकटते, आणि आपल्या तक्रारीतला ‘नुसतेच हळूहळू फिरणे’ हा प्रकार तेथूनच सुरू होतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कार्यक्रमांचे गूढ उकलायचे असेल तर एक जुने सूत्र ध्यानात ठेवावे. जर्मनीतील हेंकेल या साबण कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये असे मांडले की कोणत्याही धुलाईत चार गोष्टी काम करतात: साबणाचे रसायन, पाण्याची उष्णता, घासण्या-आपटण्याचा जोर आणि वेळ. यांपैकी एक कमी केली तर उरलेल्यांपैकी एखादी वाढवावीच लागते. मशीनवर जे पंधरा-वीस कार्यक्रम छापलेले असतात ते सगळे या चार गोष्टींच्या कमी-जास्त मिश्रणातून तयार झालेले असतात. ‘कॉटन’मध्ये जोर, वेळ आणि उष्णता तिन्ही भरपूर असतात. ‘सिंथेटिक’मध्ये उष्णता मध्यम आणि पिळणे हलके असते, कारण टेरिकॉट आणि पॉलिस्टर गरम असताना जोराने पिळले तर पडलेल्या चुण्या इस्त्रीनेही जात नाहीत. ‘डेलिकेट’मध्ये पाणी जास्त आणि हालचाल कमी. ‘इको’मध्ये वीज वाचवण्यासाठी उष्णता कमी ठेवलेली असते, म्हणून वेळ अडीच-तीन तासांवर जातो, अनेक जण त्याला मशीनचा बिघाड समजून मला फोन करतात. ज्या गावांत वीज दिवसातून दोन-तीनदा जाते तेथे मी हा लांबलचक कार्यक्रम सुचवत नाही. वीज परत आल्यावर बहुतेक मशीन जेथे थांबले तेथून पुढे चालू लागते हे खरे, परंतु तोवर कपडे तासन्‌तास साबणाच्या पाण्यात पडून राहतात आणि रंग सोडणारा एखादा नग असला तर बाकीच्यांचे नुकसान होते. आपल्याकडे ४० अंशांवरचा साधा ‘कॉटन’ जास्त व्यवहारी आहे.

आता वावरातल्या कपड्यांकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचा खरा गाभा तेथे आहे. आपली काळी माती ही बारीक चिकणमातीची असते. पाणी प्यायली की ती फुगते आणि धाग्याला घट्ट धरून बसते, आणि वाळली की आक्रसून तडकते. म्हणून डवरणी, निंदण किंवा पाळी देऊन आलेल्या माणसाचे चिखलाने भरलेले कपडे ओलेच मशीनमध्ये टाकू नयेत. ते दोरीवर पूर्ण वाळू द्यावेत, मग झटकावेत आणि कडक ब्रशने माती उडवून द्यावी. निम्म्याहून अधिक काम पाण्याच्या थेंबाशिवाय होते. त्यानंतर आंगणातल्या टाक्यावर साध्या गार पाण्यात एकदा खळबळून काढावेत. एवढे करून ते कपडे जुन्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये जावेत. नव्या मशीनमध्ये ही माती गेली तर ती आतल्या आणि बाहेरच्या ड्रमच्या मधल्या जागेत, दाराच्या रबरी गॅस्केटच्या घडीत आणि पंपाच्या गाळणीत साचते. या मशीनमध्ये पाणी थोडे वापरले जाते, एका धुलाईला साधारण पन्नास-साठ लिटर, आणि तेवढ्या पाण्यात चिखल वाहून जात नाही.

सेमी-ऑटोमॅटिकची मोठी सोय अशी की त्यात बादलीने पाणी भरता येते आणि तेच पाणी पुन्हा वापरता येते. नळ दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येणाऱ्या गावांत ही गोष्ट लहान नाही. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे आणि कमी मळलेले, मग रंगीत, आणि सर्वांत शेवटी वावरातले, असा क्रम आपल्याकडच्या बायकांनी कोणाच्या सांगण्याशिवाय बसवलेला आहे आणि तो अगदी योग्य आहे. येथे धुण्याच्या टबात कपडे पाण्यात मोकळे फिरताना दिसले पाहिजेत. खालची चकती कपडे ओढून गुंडाळायला लागली तर पाणी कमी आहे किंवा कपडे जास्त आहेत. पिळण्याचा टब धुण्याच्या टबापेक्षा लहान असतो हे मात्र विसरले जाते. एका वेळचे धुणे दोन खेपांत पिळावे, कपडे बाजूने समान थरात बसवावेत आणि वर प्लास्टिकची जाळीदार चकती दाबून ठेवावी.

वेचणीच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे, अंगावरच्या कपड्यांना कापसाचे तंतू आणि बोंडाच्या वाळलेल्या टरफलांचे तुकडे चिकटलेले असतात. सोयाबीनच्या मळणीतून आलेल्या कपड्यांत खाजरा भुसा असतो. हे कपडे उलटे करून झटकल्याशिवाय कोणत्याही मशीनला दाखवू नयेत. काळ्या कपड्यांवरच्या आपल्या पांढऱ्या चट्ट्यांपैकी काही चट्टे हे निव्वळ कापसाचे तंतू असण्याची शक्यता मोठी आहे.

फवारणीच्या कपड्यांबाबत मी अधिक कडक बोलणार आहे. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. औषध श्वासावाटे आणि कातडीवाटे शरीरात जाते, आणि फवारणीचा शर्ट दुसऱ्या दिवशी तसाच अंगात घातला तर कातडीला तेच औषध पुन्हा दिवसभर चिकटून राहते. हे कपडे ज्या दिवशी वापरले त्याच दिवशी धुवावेत, घरच्या धुण्यात एकही नग मिसळू नये आणि लहान मुलांचे कपडे ज्या मशीनमध्ये जातात त्यात ते घालू नयेत. रबरी हातमोजे घालून आधी वेगळ्या बादलीत दोनदा खळबळून घ्यावेत, मग सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाणी पूर्ण वरच्या खुणेपर्यंत भरून, गरम पाणी आणि नेहमीपेक्षा जास्त पावडर घालून सर्वांत लांब वेळ लावावी, आणि पाणी बदलून दोनदा खंगाळावे. काम झाल्यावर रिकामे मशीन पावडर टाकून एकदा फिरवावे. ते पाणी विहिरीच्या काठाला, नाल्यात किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. कपडे बाहेर उन्हात, इतर धुण्यापासून दूर वाळवावेत. पाणी न मिसळलेले मूळ औषधच कपड्यावर सांडले असेल, तर तो कपडा धुऊन पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये, टाकून द्यावा. डिझेल किंवा पेट्रोलने भिजलेले कपडेही मशीनमध्ये घालायचे नाहीत, कारण त्यांची वाफ पेट घेऊ शकते.

वावराचे धुणे असे वेगळे झाले की नव्या मशीनसाठी उरलेले काम सोपे असते. पांढरे सुती कपडे, टॉवेल आणि चादरी ‘कॉटन’ ६० अंशांवर. या उष्णतेला अंथरुणातले सूक्ष्म किडेही मरतात. रंगीत सुती कपडे ४० अंशांवर. काळे, गडद निळे आणि नवीन कपडे ३० अंशांवर किंवा साध्या पाण्यात, उलटे करून. टेरिकॉट, पॉलिस्टरच्या साड्या आणि मुलांचे टी-शर्ट ‘सिंथेटिक’वर. ‘मिक्स’ हा कार्यक्रम आळसासाठी बनवलेला आहे असे माझे मत असले तरी घाईच्या दिवशी तो निभावून नेतो, फक्त भरणा निम्मा ठेवावा.

डागांचा विचार कार्यक्रमाच्या आधी करावा. रक्त, दूध आणि अंडे यांचे डाग आधी गार पाण्यातच धुवावेत, कारण गरम पाण्याने त्यांतली प्रथिने गोठतात आणि डाग पक्का होतो. तर्रीचा किंवा तेलाचा डाग याच्या उलट, त्याला साबण आणि गरम पाणी दोन्ही लागते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि घरातले लोक घाबरतात. साबणातल्या क्षाराने हळदीचा रंग तसा बदलतो आणि पाण्याने खंगाळला की पुन्हा पिवळा होतो. तो डाग घासत बसण्यापेक्षा धुतलेला कपडा कडक उन्हात टाकावा, ऊन हळदीचा रंग उडवून टाकते.

साड्यांबद्दल एक सूचना. पाच-सहा वार किंवा नऊ वार लांबीचे कापड मोकळे सोडले की ते इतर कपड्यांना गुंडाळून त्यांची दोरी करते. साडीची सैल घडी घालून ती जाळीच्या पिशवीत किंवा तोंड बांधलेल्या उशीच्या अभ्र्यात घालावी. लग्नाकार्यातली करवतकाठी टसर मात्र मशीनला दाखवूच नये, ‘डेलिकेट’ लिहिलेले असले तरीही.

आता पांढऱ्या चट्ट्यांकडे येतो. कापसाच्या तंतूंखेरीज याची आणखी दोन कारणे असतात आणि ती ओळखणे अवघड नाही. ओल्या बोटाने चट्टा चोळल्यावर बुळबुळीत लागला तर ती न विरघळलेली पावडर आहे: कपडे जास्त भरले, पाणी फार गार होते, किंवा पावडर चुकीची वापरली. लिंबाच्या रसाचे पाणी लावल्यावर चट्टा नाहीसा झाला तर तो पाण्यातल्या चुन्याचा आहे. चिकटपट्टी लावून उचलला गेला तर तंतू.

आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा पाण्याचा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सांगितलेली आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात, ज्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो, तेथे तर भूजल खारेच आहे. असे पाणी साबणाचा मोठा वाटा क्षारांशी झुंजण्यातच खर्च करते, आणि उरलेला वाटा मळ काढतो. म्हणून पावडरच्या पाकिटावर कठीण पाण्यासाठी दिलेले माप वापरावे. मात्र ‘फेस दिसत नाही’ म्हणून हाताने धुण्याची जास्त फेसाची पावडर नव्या मशीनमध्ये ओतू नये. समोरून दार असलेल्या मशीनला कमी फेसाची, ‘फ्रंट लोड’ लिहिलेलीच पावडर लागते. फेस जास्त झाला की कपडे त्या फेसावर आपटतात, जोर कमी पडतो आणि खंगाळणे अपुरे राहते. पावडर ट्रेच्या ‘२’ लिहिलेल्या कप्प्यात टाकावी. ‘१’ हा कप्पा पूर्वधुलाईचा असून ती निवडली नसेल तर तेथली पावडर तशीच पडून राहते, हा प्रकार मला नव्या मशीनच्या घरी नेहमी दिसतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धुण्याचा सोडा चमचा-दोन चमचे घातला तर कठीण पाणी मऊ होते. नव्या मशीनमध्ये तो सवयीने टाकू नये, कारण ड्रमला मागून धरणारा आधार बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तीव्र क्षाराने तो झिजतो.

पाणी तापले की त्यातले विरघळलेले क्षार चुना होऊन हीटरवर बसतात. दीड-दोन महिन्यांतून एकदा, कपडे न घालता, शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, थेट ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर मशीन फिरवावे. या वेळी पावडर नको, आणि ब्लीच किंवा ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर तर अजिबात नको, कारण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हीटरचा विषय निघाला आहे तर विजेचेही सांगून टाकतो. पाणी तापवताना मशीन सुमारे २ किलोवॅट, म्हणजे जवळपास ९ अँपिअर वीज ओढते. त्याला १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि नीट अर्थिंग हवे; एक्स्टेंशन बोर्ड नको. काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसून अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या दिवशी धुणे बंद ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पाणी फार हळू भरत असेल तर स्लॅबवरच्या टाकीचा तळ मशीनच्या नळापासून किती उंच आहे ते पाहावे. साधारण तीन मीटर उंचीला ०.३ बार दाब मिळतो आणि अनेक मशीनना एवढा तरी लागतो. उंची पुरेशी असूनही पाणी येत नसेल तर पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवावी, तिच्यात टाकीतला गाळ आणि शेवाळ अडकलेले असते.

पिळण्याच्या वेळी मशीन हळू का फिरते, याचे उत्तर असे. जोरात फिरण्याआधी मशीन ड्रममधले वजन सगळीकडे सारखे पसरले आहे का, हे स्वतः तपासते. एका बाजूला वजन जास्त असले तर ते कपडे सावकाश उलटसुलट फिरवून पसरवण्याचा प्रयत्न करते, आणि जमले नाही तर थांबते. काही कंपन्यांच्या मशीनवर तेव्हा ‘यूई’ अशी अक्षरे उमटतात. हे मशीनने स्वतःचे आणि आपले केलेले रक्षण आहे. दार उघडू द्यावे, गुंतलेली लुगडी आणि चादरी सोडवाव्यात, एकच जड नग असेल तर सोबत दोन टॉवेल टाकावेत आणि फक्त ‘स्पिन’ लावावे. गोधडी किंवा वाकळ या मशीनमध्ये घालू नये. तिच्यातले जुने कापड आणि कापूस आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक पाणी पितो आणि तो सगळा भार एकाच बाजूला लटकतो. रेनकोट, फवारणीचा प्लास्टिकचा ॲप्रन, अंथरुणावरचे रबरी कापड यांना तर कोणत्याही मशीनमध्ये पिळायला घालणे धोक्याचे आहे. त्यांच्या घडीत अडकलेले पाणी फिरता फिरता एकदम सुटते आणि हजार फेऱ्यांच्या वेगात मशीन जागेवरून उडते. याशिवाय मशीनचे चारही पाय पक्क्या फरशीवर टेकलेले आहेत का आणि नवे मशीन बसवताना मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत का, हेही एकदा पाहून घ्यावे. ते बोल्ट तसेच राहिले तर मशीन पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरभर चालत सुटते.

गाळणीची गोष्ट दोन ओळींत. खालच्या कोपऱ्यातले छोटे झाकण उघडून ती पंधरा दिवसांतून एकदा धुवावी. आपल्या भागात तिच्यात सर्वांत जास्त काय निघते, तर खर्र्याची, म्हणजे तंबाखू-चुन्यात घोटलेली, सुपारी. खर्र्याची पन्नी आणि चुन्याची डबी खिशात तशीच धुण्यात जाते, पन्नी फुटते, सुपारीचे तुकडे पंपात अडकतात आणि पांढऱ्या बंडीवर तपकिरी नक्षी उठते. खिसे तपासण्याचे काम ज्याचे खिसे त्याच्याकडेच द्यावे, धुणाऱ्या बाईकडे नव्हे.

पिळण्याचा वेग ऋतू पाहून ठरवावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गच्चीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळतात; त्या दिवसांत ६०० ते ८०० फेऱ्या पुरेशा आहेत, कपडा कमी झिजतो आणि चुण्याही कमी पडतात. त्याच दिवसांत दुपारी टाकीतले पाणी चटका बसण्याइतके तापलेले असते, म्हणून ‘साध्या पाण्यात’ धुवायचे गडद कपडे सकाळीच उरकावेत. पावसाळ्यात मात्र सुती कपड्यांना १००० किंवा त्याहून अधिक फेऱ्या द्याव्यात, नाहीतर ते दोन दिवस दमट राहून कुबट वास मारतात. धुणे झाल्यावर दाराच्या गॅस्केटची घडी कोरड्या फडक्याने पुसून दार थोडे उघडे ठेवावे. उंदीर असतील तर मशीनच्या खालच्या बाजूला जाळी लावून घ्यावी. तारा कुरतडल्याची दुरुस्ती माझ्याकडे पावसाळ्यात हमखास येते.

राहिला गणवेशांचा प्रश्न. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम घामाने ओलसर झालेल्या, पण मळलेल्या नसलेल्या पाच-सहा कपड्यांसाठी असतो. शाळेतून आलेल्या पोराचा शर्ट त्यात क्वचितच बसतो. शिवाय एवढ्या थोड्या वेळात कठीण पाण्यात पावडर धड विरघळतही नाही. कॉलर आणि बाह्यांच्या कडांना आधी वडीचा साबण घासून ठेवावा, गणवेश बहुधा टेरिकॉटचे असतात म्हणून ‘सिंथेटिक’ ४० अंश लावावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवेच असतील तर अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात पावडरऐवजी द्रव साबण निम्म्या मापाने घालून एक खंगाळणे वाढवावे. मोजे वेगळे धुवावेत. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी, पाऊस लागल्यावरच भरतात आणि नवे गणवेश नेमके त्याच वेळी येतात. त्यांतली निळी पँट पहिल्या दोन-तीन धुण्यांना पांढऱ्या शर्टासोबत टाकू नये, आणि पिळताना टेरिकॉटला ८०० फेऱ्यांच्या वर नेऊ नये. पंख्याखाली हँगरला टांगलेला असा गणवेश रात्रीतून वाळतो.